रात्रीची अर्धी गोळी

पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांतून औषधांचा एक डबा असतोच. पूर्वी तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे. आता प्लॅस्टिकचा, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला असतो. त्यातल्या बहुतेक गोळ्यांची ओळख घरातल्या सगळ्यांना असते. ही रक्तदाबाची, ही साखरेची, ही थायरॉईडची. रात्रीच्या कप्प्यातली एक बारीकशी गोळी मात्र निरनिराळ्या नावांनी वावरत असते. कोणी तिला 'झोपेची' म्हणते, कोणी 'डोक्याची', कोणी 'धडधडीची', तर कोणी नुसतेच 'ती अर्धी'. किती दिवसांपासून घेता, असे विचारले तर उत्तर तारखेत येत नाही, एखाद्या घटनेच्या आधाराने येते. 'हे गेले तेव्हापासून', 'मुलगा अमेरिकेला गेला त्या वर्षी', 'बायपास झाली तेव्हा सुरू केली होती'. कोणी सुरू केली हे आठवते. ती बंद कधी करायची, हे मात्र कोणालाच आठवत नाही.

ही गोळी बहुतेक वेळा क्लोनाझेपामची असते, किंवा अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम यांपैकी एखादीची. नावे वेगळी असली तरी घराणे एकच. त्याला वैद्यकात 'बेन्झोडायझेपिन' म्हणतात. ही औषधे वाईट आहेत असे सांगण्यासाठी हा लेख नाही. योग्य वेळी, योग्य माणसाला, मोजक्या दिवसांसाठी दिली तर त्यांच्याइतका जलद आराम देणारी औषधे थोडीच आहेत. मोजक्या दिवसांची वर्षे कशी होतात आणि त्याची किंमत घरातले कोण चुकवते, हा आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. पण या दोन्ही उद्योगांत माणसांच्या धास्तीशी रोजचा संबंध येतो. संध्याकाळी कॅश जुळत नाही तेव्हा कॅशियरच्या कपाळावर येणारा घाम मी पाहिला आहे. बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर तीन-तीन रात्री जागे राहणारे सहकारी पाहिले आहेत. अनेकांच्या ड्रॉवरमध्ये रबरी शिक्के, टाचण्या आणि पिनांच्या डबीशेजारी गोळ्यांची एक पट्टी असे. तिला सगळेच 'काम्पोज' म्हणत, मग आतले औषध कोणतेही असो. जसे वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे, तसेच.

या काम्पोजचा इतिहास मनोरंजक आहे. १९५५ साली अमेरिकेत 'मिलटाउन' नावाची मन शांत करणारी गोळी बाजारात आली आणि धो-धो खपली. तेव्हा रोश कंपनीने आपल्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाला तशाच औषधाच्या शोधाला लावले. स्टर्नबाख ज्यू होते. युरोपातल्या युद्धाच्या वणव्यातून १९४१ साली ते अमेरिकेत पोहोचले होते. बरेच प्रयोग फसले. १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर चालू असताना एका बाटलीत पडून राहिलेले स्फटिक सापडले. ते टाकून देण्याऐवजी तपासणीला पाठवले गेले आणि त्यातून १९६० साली 'लिब्रियम' व १९६३ साली 'व्हॅलियम', म्हणजे डायझेपाम, ही औषधे बाजारात आली. भारतात साठीच्या दशकाच्या अखेरीस रॅनबॅक्सीने तेच डायझेपाम 'काम्पोज' या नावाने आणले आणि त्या कंपनीचा पाया त्या गोळीने घातला.

या औषधांचे तेव्हा एवढे स्वागत का झाले, हेही समजून घ्यायला हवे. त्यापूर्वी झोपेसाठी बार्बिट्युरेट नावाची औषधे दिली जात. ती थोडी जास्त झाली तरी माणूस दगावत असे. त्या मानाने नवी गोळी सुरक्षित होती. म्हणून ती सढळ हाताने लिहिली गेली. १९६९ ते १९८२ या काळात अमेरिकेत सर्वांत जास्त लिहून दिले जाणारे औषध व्हॅलियम हेच होते. १९७८ या एका वर्षात तिथे सुमारे २३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या. गंमत म्हणजे ही गोळी मेंदूत नेमकी कुठे जाऊन बसते, याचा पत्ता शास्त्रज्ञांना १९७७ साली लागला. तोवर ती सतरा वर्षे विकली जात होती.

उपयोग खरे आहेत

मेंदूत पेशींना चेतवणारी रसायने असतात, तशीच त्यांना आवरणारीही असतात. आवरणाऱ्यांपैकी मुख्य रसायनाचे नाव 'गाबा'. गाडीच्या ब्रेकसारखे त्याचे काम. बेन्झोडायझेपिन स्वतः ब्रेक लावत नाही; गाबाचा पाय ब्रेकवर असतो, तो अधिक जोराने दाबला जातो. म्हणून छातीतली धडधड थांबते, आवळलेले स्नायू सैल होतात, विचारांची चक्रे मंदावतात आणि झोप लागते. तेही अर्ध्या-एक तासात.

अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यात, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, माणसाला आपण आता मरणार असे खरोखर वाटत असते. त्याला ही गोळी मोठा आधार देते. चिंताविकारावर आज प्रथम दिली जाणारी औषधे वेगळी आहेत, पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. तोवरचा पूल म्हणून डॉक्टर ही गोळी देतात, आणि ते योग्यच आहे. फिट थांबत नसेल तर याच घराण्यातले इंजेक्शन किंवा नाकात मारायचा फवारा जीव वाचवतो. दारू सोडताना हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते. तेव्हाही हीच औषधे काही दिवस देऊन रोग्याला सुखरूप बाहेर काढतात. डायझेपाम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे ते उगाच नाही.

डोळे मिचकावणारी मुले

आणखी एका ठिकाणी ही गोळी पोहोचते, आणि त्याबद्दल घराघरांत फार थोडी माहिती असते. सहा-सात वर्षांचा मुलगा एकाएकी डोळे मिचकावू लागतो. नंतर मान झटकतो, खांदा उडवतो, सारखा घसा खाकरतो. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे वाऱ्या होतात. शाळेतून चिठ्ठी येते. आजोबा म्हणतात, 'चाळे आहेत, एक ठेवून द्या.' एखादी मावशी म्हणते, 'टीव्ही बंद करा.' याला वैद्यकात 'टिक्स' म्हणतात. हालचालींच्या आणि आवाजाच्या अशा दोन्ही प्रकारच्या टिक्स वर्षभराहून अधिक टिकल्या तर त्याला 'तुरेत सिंड्रोम' असे नाव आहे. जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरने १८८५ साली नऊ रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून ते पडले. २०१८ साली आलेल्या 'हिचकी' या चित्रपटात राणी मुखर्जीने असा विकार असलेली शिक्षिका उभी केली होती. अनेक पालकांनी हे नाव पहिल्यांदा तिथेच ऐकले.

मूल हे मुद्दाम करत नाही. शिंक येण्यापूर्वी नाकात जशी हुळहुळ होते तशी त्याला आतून एक ऊर्मी येते आणि ती हालचाल केल्यावरच सुटल्यासारखे वाटते. थोडा वेळ ते दाबून धरू शकते, म्हणून तर 'शाळेत करत नाही, घरीच करतो, म्हणजे नाटकच' असा गैरसमज होतो. धास्ती, थकवा, परीक्षा, टोमणे यांनी टिक्स वाढतात. त्यामुळे चिंता कमी करणारी गोळी दिली तर टिक्सही कमी होतील, असा तर्क निघतो. क्लोनाझेपाम या कामी अनेक वर्षे वापरले गेले आहे आणि चिंता फार असलेल्या काही रुग्णांना त्याचा उपयोगही होतो. पण टिक्सवरचे औषध म्हणून त्याच्या मागे भक्कम पुरावा नाही. शिवाय मुलांना त्याने वर्गात पेंग येते, आणि काही मुले शांत होण्याऐवजी जास्तच चिडचिडी आणि बेफाम होतात.

बहुतेक मुलांच्या टिक्स दहा ते बारा या वयात शिगेला पोहोचतात आणि पुढे किशोरवयात आपोआप कमी होत जातात. म्हणून सौम्य टिक्स असतील तर घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्याकडे लक्ष वेधणे थांबवावे आणि वाट पाहावी, हा पहिला उपचार. त्रास जास्त असेल तर एक प्रशिक्षण असते. ऊर्मी येताच ती ओळखायची आणि उलट दिशेची, कोणाच्या लक्षात न येणारी हालचाल करायची. मान झटकावीशी वाटली की हनुवटी हलकेच आत ओढून धरायची, ऊर्मी ओसरेपर्यंत. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या अभ्यासात या पद्धतीने निम्म्याहून अधिक मुलांना चांगला गुण आला. नुसते समजावून व धीर देऊन ज्यांना सांभाळले त्यांच्यात हे प्रमाण साडेअठरा टक्के होते. औषध लागलेच तर आधी वापरायची अन्य औषधे आहेत. बालमज्जासंस्थेचे किंवा मनोविकारांचे तज्ज्ञ ती देतात. आपल्या घरातल्या मोठ्यांसाठी आणलेली गोळी 'अर्धी करून' मुलाला देण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये.

कर्ज आणि व्याज

बँकेत अल्प मुदतीचे कर्ज नावाचा प्रकार असतो. पेरणीला पैसे हवेत, पीक आले की फेडायचे. ते वेळेत फिटले तर शेतकऱ्याचे भले होते आणि बँकेचेही. पण पीक बुडाले, कर्ज थकले, की काही शाखांत एक युक्ती केली जाई. नवे कर्ज मंजूर करून त्यातून जुन्याचे व्याज वळते करून घ्यायचे. कागदावर खाते स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात कर्जदार दरवर्षी अधिक खोल जात असतो.

ही गोळी रोज घेतली तर मेंदूत नेमके हेच होते. बाहेरून ब्रेक दाबणारी मदत रोज मिळते म्हटल्यावर मेंदू स्वतःची ब्रेकची व्यवस्था ढिली करतो. काही आठवड्यांतच त्याच गोळीचा परिणाम कमी वाटू लागतो. एखाद्या रात्री ती चुकली तर झोप येत नाही, हात कापतात, घाम सुटतो, भांड्याचा आवाजही सहन होत नाही, उगाच भीती वाटते. माणूस म्हणतो, 'बघा, माझा आजार अजून आहे, गोळी थांबवून चालणार नाही.' हा आजार जुना असेलच असे नाही. पुष्कळदा तो गोळी सुटल्याचा त्रास असतो, आणि तो शमवायला तीच गोळी घेतली जाते. जुन्या कर्जाचे व्याज नव्या कर्जातून फेडले जाते.

म्हणूनच ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने १९८८ सालीच सांगून ठेवले की, ही औषधे दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली अफूजन्य वेदनाशामकांबरोबर ही गोळी घेण्यातला श्वास मंदावण्याचा धोका, आणि २०२० साली अवलंबित्व व अचानक सोडण्याचा धोका, वेष्टनावरच्या ठळक चौकटीत छापणे बंधनकारक केले. गोळी एकटी सहसा जीव घेत नाही. दारूबरोबर मात्र घेऊ शकते, हे 'फक्त शनिवारी दोन पेग' घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

'अहो, माझी तर अर्ध्या मिलिग्रॅमची आहे', असे कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. आकडा लहान म्हणजे औषध सौम्य, हा समज चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षे केवळ ही औषधे सोडवण्याचे क्लिनिक चालवले. त्यांच्या कोष्टकानुसार अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम म्हणजे जवळजवळ दहा मिलिग्रॅम डायझेपाम. म्हणजे जुन्या काळची अख्खी काम्पोज, तीही मोठी.

दुसरी गोष्ट याहून अडचणीची आहे. पुष्कळांना आपण ही गोळी घेतो हेच ठाऊक नसते. आपल्याकडे जोडऔषधे फार. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्राममध्ये क्लोनाझेपाम मिसळलेली गोळी सर्रास मिळते. पोट दुखते, मुरडा येतो म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतही क्लोरडायझेपॉक्साइड असते, म्हणजे स्टर्नबाखसाहेबांचे मूळचे लिब्रियम. 'मी झोपेची गोळी घेत नाही, फक्त पोटाची घेतो', असे म्हणणारा माणूस वर्षानुवर्षे तेच औषध घेत असतो.

पासष्टीनंतर

तरुण शरीर हे औषध जेवढ्या वेळात बाहेर टाकते तेवढ्या वेळात म्हातारे शरीर टाकू शकत नाही. डायझेपामसारख्या औषधाचा अंश दिवसेंदिवस साचत जातो. तोल जातो, पाय अडखळतो, नाव आठवत नाही. घरचे म्हणतात, 'वय झाले.' अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ज्येष्ठांना शक्यतो न द्यायच्या औषधांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. २०२३ च्या यादीतही हे सगळे घराणे आहे. पडणे, खुब्याचे हाड मोडणे, भ्रम होणे ही त्याची कारणे. या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण पडण्याबाबत फारशी शंका उरलेली नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका आजींचे उदाहरण सांगतो. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी गोळी सुरू झाली होती. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळूरला. पंधरा दिवसांची आठ वर्षे झाली. एका रात्री दोन वाजता बाथरूमकडे जाताना त्या पडल्या आणि खुबा मोडला. इस्पितळात औषधांची यादी विचारली तेव्हा घाईत धावून आलेल्या शेजाऱ्यांनी रक्तदाबाची आणि साखरेची सांगितली. 'ती अर्धी' कोणालाच माहीत नव्हती. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या रात्री आजी भिंतीवर माणसे पाहू लागल्या, सलाईन उपटू लागल्या. मुलाला फोन गेला की आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. एका तरुण निवासी डॉक्टरला संशय आला. त्याने घरून औषधांचा डबा मागवला आणि कोडे सुटले. आठ वर्षांची गोळी एकाएकी तुटली होती. ती पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत आजी शुद्धीवर आल्या. पुढे नऊ महिन्यांत ती हळूहळू सोडवली. आता त्या काठी घेऊन बागेत येतात आणि रात्री पाच तास झोपतात. पाच तास पुरेत, हे त्यांना कोणी आठ वर्षांत सांगितले नव्हते.

पुणे हे निवृत्तांचे शहर म्हणून ओळखले जाई. आज कोथरूड, सहकारनगर, औंध भागांतल्या कितीतरी फ्लॅटांत एकेकटी किंवा दोघेच वृद्ध माणसे राहतात. परदेशस्थ मुलांच्या पालकांची इथे संघटनाच आहे. संध्याकाळ संपते, मालिका संपतात आणि साडेदहाला घर एकदम मोठे होते. त्या वेळी डॉक्टर नसतो, मुलगा ऑफिसात असतो, आणि गोळी हाताशी असते. डॉक्टरांना दोष देणेही सोपे आहे. बाहेर तीस पेशंट बसलेले असताना 'झोप येत नाही' या तक्रारीमागची हकीकत ऐकायला अर्धा तास लागतो, गोळी लिहायला अर्धा मिनिट. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. २०१९ च्या एका अंदाजानुसार हे प्रमाण ०.७५ होते. त्यामुळे या गोळ्या मोठ्या प्रमाणात फॅमिली डॉक्टर आणि फिजिशियनच लिहितात.

कायदा आणि काउंटर

कायद्यात उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परिशिष्टात ही औषधे आहेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही २०१४ च्या मार्चपासून 'एच-१' या कडक यादीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. डॉक्टरने तसे लिहिल्याशिवाय एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचे नाही, असाही नियम आहे.

आमच्या धंद्यात १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिन्यांवर आली. तीन महिने आणि एक दिवसाचा चेक कितीही ओळखीच्या माणसाने आणला तरी काउंटरवरून परत जातो. त्यात अपमान कोणी मानत नाही. पण चार वर्षांपूर्वीची, लॅमिनेट केलेली डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या दुकानात बिनदिक्कत चालते. 'काका नेहमीचे आहेत' एवढी ओळख पुरते. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी चिठ्ठी, बिल आणि फार्मासिस्टची हजेरी यांबाबत कडक तपासण्या केल्या. त्यावर औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले होते आणि गैरसोय झाली म्हणून आपण ग्राहकांनीही प्रशासनालाच नावे ठेवली होती.

ही ढिलाई कुठे जाऊन पोहोचते ते पाहायचे तर मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात जावे. तिथे हीच गोळी 'कुत्ता गोळी' या नावाने पोरांच्या हातात पडते. छत्रपती संभाजीनगरात तिला 'बटन' म्हणतात. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादसह तेलंगणाच्या काही जिल्ह्यांत ताडीमध्ये अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मिसळण्याचा धंदा आहे. २०१५ च्या सप्टेंबरात कारवाईमुळे ही भेसळीची ताडी एकदम मिळेनाशी झाली आणि शेकडो माणसे थरथर, भास आणि फिट घेऊन सरकारी इस्पितळांत दाखल झाली. आपण दारू किंवा ताडी पीत होतो एवढेच त्यांना माहीत होते. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत अशा शामक औषधांचा वैद्यकीय सल्ल्याविना वापर करणाऱ्यांची संख्या देशात सुमारे १ कोटी १८ लाख आढळली, आणि अशांची संख्या सर्वाधिक असलेल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता.

१९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून या शहराला व्यसन हा आजार आहे, गुन्हा नव्हे, हे कळू लागले. पण ती समज आपण गर्द आणि दारूपुरती ठेवली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी घेणारी सोज्वळ आजी त्या चित्रात बसत नाही. आजींना व्यसनी म्हणावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यांनी मजेसाठी काही घेतले नाही. सांगितले ते निमूटपणे केले. म्हणूनच त्यांना मदत मिळण्याचा हक्क अधिक आहे.

सोडायची, पण कशी?

हा लेख वाचून कोणी आज रात्रीपासून गोळी बंद केली, तर लेखाचा उपयोग होण्याऐवजी अपायच होईल. वर्षानुवर्षांची गोळी एका दिवसात तोडणे हे ती घेण्याहून धोक्याचे आहे. फिट येऊ शकते. बार्बरा गॉर्डन या अमेरिकी टीव्ही निर्मातीने असेच व्हॅलियम एकदम थांबवले आणि तिला मनोरुग्णालयात जावे लागले. तिच्या १९७९ च्या आत्मकथनाने अमेरिकेला खडबडून जागे केले.

आता याबाबत बरीच स्पष्टता आली आहे. २०२५ साली अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्के कमी करून त्रास किती होतो ते पाहावे आणि त्याप्रमाणे पुढचे पाऊल टाकावे. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काहींना तीन महिने लागतात, काहींना वर्ष. अपस्मार किंवा अन्य काही आजारांसाठी ज्यांना ही गोळी विचारपूर्वक चालू ठेवलेली आहे, त्यांनी ती अपराधी भावनेने घेण्याचे कारण नाही. फक्त 'अजून हवी का?' हा प्रश्न दर तपासणीला विचारावा.

जुनी खोड म्हातारपणी सुटत नाही, असे आपण मानतो. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला छेद देतो. पासष्ट ते पंचाण्णव वयाच्या, वर्षानुवर्षे ही औषधे घेणाऱ्या ३०३ माणसांपैकी काहींना घरी एक पुस्तिका पाठवली गेली. धोके काय, पर्याय काय, हळूहळू कमी कशी करायची, एवढेच तिच्यात होते. सहा महिन्यांनी पाहिले तर पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण पाच टक्के होते. ना इस्पितळ, ना मोठा खर्च. कोणीतरी त्यांना शहाणे समजून माहिती दिली, एवढेच. औषधविक्रेत्यांच्या संघटना आणि ज्येष्ठ नागरिक संघ मिळून पुण्यात अशी मराठी पुस्तिका सहज काढू शकतात.

झोपेसाठीही गोळीवाचून उपाय आहेत. उठण्याची वेळ पक्की ठेवणे, दुपारची झोप आवरणे, झोप येईपर्यंत अंथरुणात तळमळत न पडणे, सातनंतर चहा बंद करणे. ऐकायला हे आजीच्या बटव्यासारखे वाटते, पण याच गोष्टी शिस्तीने बसवणारा जो मानसोपचार आहे तोच जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपाय असल्याचे अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले आहे. मन फारच घाबरे झाले तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.

आज रविवार आहे. घरातली माणसे घरात असतील, परगावी असलेल्यांचे फोन येतील. आई-वडिलांचा तो डबा एकदा शेजारी बसून उघडा. प्रत्येक पट्टीमागचे बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचा, आणि कोणते, किती वर्षांपासून, कोणी सुरू केले हे एका कागदावर लिहा. तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा आणि एक प्रत शेजाऱ्यांकडे द्या. नाव वाचताना एखादी गोळी 'झेपाम' किंवा 'झोलाम'ने संपणारी निघाली तर ओरडू नका, काढूनही घेऊ नका. रात्री झोप का लागत नाही, एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. त्याला बहुधा अर्धा तास लागेल.